उपाशी पोटाची धास्ती

क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणारा वॉल्टर कॅनन मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खाऊ घालायचा आणि त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत बसायचा. जठरावर एकामागून एक लाटा सरकताना दिसत. पण मांजर बिथरलं, सुटायला धडपडू लागलं, की त्या लाटा थांबत. ते शांत झालं की काही वेळानं पुन्हा सुरू होत. कॅननला अभ्यास करायचा होता पचनाचा, आणि मांजराची भीती मध्ये मध्ये येत होती. पुढे त्यानं या आड येणाऱ्या गोष्टीचाच अभ्यास हाती घेतला. संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं आणि ॲड्रेनलिन त्यात काय करतं, हे त्याच्या पुढच्या कामातून उलगडत गेलं.

भीतीनं पोट आखडतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी ज्याच्या घशाखाली पोहे उतरले नाहीत, असं मूल घरोघरी असतं. उलट्या दिशेचा प्रश्न मात्र अवघड आहे. पोटात काय गेलं आणि काय गेलं नाही, यावर मनाची धास्ती वाढते किंवा उतरते का? सध्या या प्रश्नाची उत्तरं फार स्वस्त मिळतात. अक्रोड खा, केळं खा, अमुक पावडर दुधात घालून घ्या. माझं मत असं, की आहार आणि चिंतेचं नातं खरं आहे, पण त्याचा भक्कम पुरावा ‘हे खा’च्या याद्यांत फारसा नाही. माणसाला काय मिळालं नाही, हे जिथे नीट पाहिलं गेलं, तिथे तो सापडतो.

त्यातला सर्वांत ठळक पुरावा आज कुणाला पुन्हा गोळा करता येणार नाही, कारण कोणतीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉलच्या स्टेडियमखाली थाटलेल्या प्रयोगशाळेत ३६ तरुण राहायला आले. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले हे तरुण. युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि युद्ध संपल्यावर त्यांना खाऊ घालून पुन्हा उभं कसं करायचं, याचं शास्त्र कुणापाशी नव्हतं. अन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा बेत सरळ होता. तीन महिने पोटभर जेवण, मग सहा महिने अर्धपोटी, आणि मग टप्प्याटप्प्यानं पुन्हा वाढतं जेवण. फेब्रुवारी १९४५ पासून ताटात बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं अन्न पडू लागलं. दिवसाला सरासरी १,६०० च्या आसपास कॅलरी, आणि वर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणं. सहा महिन्यांत वजनं जवळजवळ पाव हिश्शानं उतरली.

वजन उतरणार हे ठाऊकच होतं. मनाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. निवड करताना या तरुणांची शरीरं आणि मनंही कसून तपासली होती. सगळे धडधाकट होते. अर्धपोटी राहायला लागल्यावर ते चिडचिडे, खिन्न, धास्तावलेले झाले. थट्टामस्करी आटली, मैत्रिणींमधलं लक्ष उडालं, अभ्यासावर मन ठरेना. डोक्यात अन्नाखेरीज काही राहिलं नाही. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेले पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. समोरचं एवढंसं जेवण काही जण दोन-दोन तास पुरवून खात. भूक मारायला कॉफीचा इतका मारा सुरू झाला, की दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. त्यांच्यातल्या एकानं लाकूड फोडताना स्वतःची तीन बोटं तोडून घेतली, आणि ते चुकून झालं की मुद्दाम, हे त्याला पुढे म्हातारपणीही छातीठोकपणे सांगता आलं नाही. अन्न वाढवल्यावर मन लगेच ताळ्यावर आलं असंही नाही. उलट काही जण त्या पहिल्या आठवड्यांत आणखी खचले. १९५० मध्ये कीज आणि सहकाऱ्यांनी हे सगळं दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केलं.

माणसं थोडी, सगळी तरुण पुरुष, घरापासून लांब, शिवाय महायुद्धाचा काळ, हे सगळं मान्य करूनही त्या आकड्याशी मी अडखळतो. १,६०० कॅलरी. ‘महिन्यात पाच किलो’ छापाच्या डाएट चार्टांत बायकांना याहूनही कमी, १,२०० कॅलरींचं जेवण सर्रास लिहून दिलेलं असतं. बाईची उंची आणि वजन कमी, गरजही कमी, हे धरलं तरी महिनोन्‌महिने असं राहिल्यावर झोप उडाली, बारीकसारीक गोष्टींनी छाती धडधडू लागली, तर ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून मोकळं होण्याआधी तिच्या ताटात किती आहे, हे विचारायला हवं.

हे घडतं कसं? मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा खातो. तो मुख्यतः ग्लुकोजवर चालतो आणि त्याच्याकडे स्वतःचा साठा जवळजवळ नसतो. म्हणून रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली, की शरीर ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन सोडतं आणि यकृताला साठवलेली साखर मोकळी करायला लावतं. हे ॲड्रेनलिन कॅननच्या मांजरातलंच. ते साखर वाढवतं आणि त्याच वेळी हात थरथरवतं, घाम फोडतं, हृदयाचे ठोके वाढवतं. कारण अंगावर आलेला कुत्रा असो की घसरलेली साखर, अंगाला जाणवतं ते सारखंच.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, कारण ‘शुगर लो झाली’ हे वाक्य आपल्याकडे फार सैलपणे वापरलं जातं. निरोगी माणसाच्या यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन असतं. एक जेवण चुकलं म्हणून त्याची साखर धोक्याच्या पातळीला जात नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची साखर खरोखर कोसळू शकते, आणि एकादशीला गोळी घेऊन जेवण टाळणारे आजी-आजोबा आपल्या ओळखीत असतातच. अशा माणसाला संध्याकाळी अचानक घाबरंघुबरं झालं, तर आधी बोटातून थेंब घेऊन साखर बघावी. मनाचं नंतर बघता येईल.

बाकीच्यांच्या धडधडीचं एक कारण बऱ्याचदा कपात असतं. दिवसभर दमलेल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते आपल्याला सुस्तावतं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीत त्याहून बरंच जास्त. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ते सहसा बाधत नाही. अंगातून निम्मं बाहेर पडायला पाचेक तास लागतात. पण ही सरासरी झाली. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर निघून जातं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईच्या शरीरात ते जवळजवळ दुप्पट काळ रेंगाळतं, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. ज्यांना आधीच पॅनिक अटॅक येतात त्यांचं तर गणितच निराळं. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी अशा नऊ प्रयोगांचे आकडे एकत्र केले. चार-पाच कप कॉफीइतकं किंवा त्याहून जास्त कॅफिन एकदम दिल्यावर पॅनिकच्या रुग्णांपैकी निम्म्यांना झटका आला. निरोगी लोकांत हे प्रमाण शंभरात दोनही नव्हतं. कॅफिनविरहित पेय प्यायलेल्या रुग्णांत कुणालाच झटका आला नाही.

ऑफिसातला माणूस सकाळी न्याहारी न करता निघतो, अकरापर्यंत तीन कटिंग पोटात जातात, दोनला डबा उघडतो, आणि छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढून येतो. ईसीजी चांगला निघतो, हे छानच. पण चहा किती आणि तो कशावर, हे विचारायला कागद आणि यंत्र लागत नाही. सोडायचाच असेल तर मात्र एकदम सोडू नये. डोकं दुखतं, माणूस एक-दोन दिवस चिडका होतो आणि चहाच बरा होता असं ठरवून मोकळा होतो.

आता जरा जवळचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं पुणे आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचं पोषण तपासत आहेत. त्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांचे आकडे मांडले: खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यांतल्या ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आणि सर्वांत वाईट अवस्था कुणाची? ज्याच्या घरी फ्रीज भरलेला, त्या शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. ते मासे, अंडी, मांस आणि काही प्रमाणात दुधातून मिळतं. गरज अगदी थोडी, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण शाकाहारी घरात एवढंही रोज दूध-दह्यातून यावं लागतं, आणि चहातल्या चार चमचे दुधानं ते भागत नाही. त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या ही औषधं दीर्घकाळ घेतली की पोटात गेलेलं बी-१२ शोषून घेणंही मंदावतं.

बी-१२ लागतं चेतातंतूंवरचं आवरण आणि रक्तपेशी बनवायला. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसराळूपणा वाढतो, माणूस चिडचिडा, उदास होतो, काहींना बेचैनी घेरते. फार मोठ्या कमतरतेत भ्रमही होतात. मात्र कमतरता नसलेल्या चिंताग्रस्त माणसाला बी-१२ची इंजेक्शनं देऊन त्याची चिंता उतरते, याला चांगला आधार नाही. ‘अशक्तपणाचं इंजेक्शन’ म्हणून ती सरसकट टोचली जातात, त्याआधी एक रक्ततपासणी झाली तर बरं.

लोहाचीही अशीच कथा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय डोपामिन आणि सिरोटोनिन तयार करणाऱ्या विकरांना लोह लागतंच. ही लक्षणं घेऊन बाई दवाखान्यात गेली आणि ‘फार टेन्शन घेता तुम्ही’ ऐकून परत आली, असं कितीदा होत असेल! जेवल्यावर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. जेवणातच लिंबू पिळलं तर उलट ते जास्त शोषलं जातं. हे सांगायला पाच सेकंद लागतात.

पोषणातल्या उणिवेनं मन कसं बिघडतं याची एक जुनी कहाणी पेलाग्राची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा रोग हजारोंना होत होता. आधी झोप उडणं, हुरहूर, चिडचिड. मग त्वचेवर उन्हानं भाजल्यासारखे चट्टे, जुलाब, शेवटी भ्रमिष्टपणा आणि मृत्यू. वेड्यांची इस्पितळं या रुग्णांनी भरली होती. रोग जंतूंचा आहे असा बहुतेकांचा समज. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरनं पाहिलं, की इस्पितळातल्या रुग्णांना आणि अनाथालयातल्या मुलांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यातच दिवसरात्र वावरणाऱ्या सेवकांना होत नाही. जंतू असा भेदभाव कशाला करील? सेवकांच्या वाट्याला दूध, मांस येत होतं. रुग्णांच्या ताटात मका आणि काकवी. पुढच्या वर्षी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर सुटकेच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा कैद्यांना त्यानं तसलाच आहार दिला, आणि सहांना रोग झाला. तरीही विरोधक हटेनात, तेव्हा रोग सांसर्गिक नाही हे दाखवायला त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अंगावरच्या खपल्या आणि मलमूत्र कणकेत मळून गिळलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. हरवलेला घटक निॲसिन, म्हणजे ‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व, हे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेजेमनं दाखवलं, तेव्हा गोल्डबर्गर हयात नव्हता.

आपल्याकडे दख्खनच्या पठारावर मका फारसा नव्हता, तरी पेलाग्रा होता, आणि तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास याचं कारण ज्वारीतल्या ल्युसिन या अमायनो आम्लाच्या जास्त प्रमाणात शोधलं. त्यावर नंतर बराच वाद झाला. पण ज्वारीची भाकरी खाणारे सगळेच काही आजारी पडत नव्हते. भाकरीसोबत डाळ, दूध, थोडं मटण असलं की रोग फिरकत नव्हता. शेंगदाण्यात निॲसिन भरपूर असतं. भाकरीवरच्या शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीचं मोल गरिबाच्या ताटात चवीपुरतं नव्हतं.

उणीव भरली की मन सावरतं, एवढं या कहाण्यांवरून खात्रीनं म्हणता येतं. उणीव नसताना आणखी काही ओतलं तर काय होतं? इथून पुढे पाय जपून टाकावा लागतो. सिरोटोनिनचा नव्वद टक्के साठा आतड्यात असतो हे वाक्य हल्ली प्रत्येक आरोग्य-सदरात येतं. ते खरंही आहे. फक्त, ते सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, हा पुढचा भाग गळालेला असतो. आतड्यातले जिवाणू आणि मेंदू यांच्यात संवाद आहे, यात शंका नाही. २०११ मध्ये आयर्लंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस जिवाणू खाऊ घातला, तर उंदरांची भीती कमी झाली, आणि मेंदूला आतड्याशी जोडणारी व्हेगस नस कापली तर तो परिणाम नाहीसा झाला. जगभर गाजलेला प्रयोग. मग तोच जिवाणू आयर्लंडमध्ये आठ आठवड्यांच्या प्रयोगात २९ निरोगी पुरुषांना दिला, तर त्यांच्यावर काहीही परिणाम दिसला नाही. तो अहवाल २०१७ चा. ताक जरूर प्यावं, ते चवीला चांगलं लागतं आणि पोटालाही. चिंतेवरचं औषध म्हणून अशा जिवाणूंची बाटलीबंद कॅप्सूल घेताना एवढं लक्षात असू द्यावं.

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ची चाल अशीच पुढे-मागे झाली. अमेरिकेत ६८ वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या २०११च्या प्रयोगात चिंता साधारण वीस टक्क्यांनी उतरली. नंतर अठरा हजारांहून अधिक प्रौढांवर पाच-एक वर्षं चाललेल्या मोठ्या चाचणीत ते नैराश्य टाळू शकलं नाही. संपूर्ण ताटच बदललं तर काय, याचा सर्वांत परिचित प्रयोग ऑस्ट्रेलियातला. फेलिस जाका यांच्या गटानं नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन दिलं: डाळी, भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल. उरलेल्यांना तितकाच वेळ गप्पांची सोबत. पहिल्या गटातले ३२ टक्के बरे झाले, दुसऱ्यातले ८ टक्के. प्रयोग लहान होता, रुग्ण नैराश्याचे होते आणि बहुतेकांचं औषध किंवा समुपदेशनही चालूच होतं. आपण वरण-भाजी खातोय की नाही हे माणसापासून लपवता येत नाही, त्यामुळे आशेचा वाटा त्यात किती, हे वेगळं काढणं कठीण.

या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे काय खायचं हे खाणाऱ्याच्या हातात आहे. आपल्याकडे ती नेहमी खरी नसते. २०२१ मध्ये पायल हाथी, डायेन कॉफी, अमित थोरात आणि नझर खालिद यांनी बिहार, झारखंड आणि महाराष्ट्रातल्या बायकांच्या २०१८ मधल्या दूरध्वनी पाहणीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांचं झाल्यावर जेवणाऱ्या बायकांची मानसिक अवस्था त्यांना अधिक वाईट आढळली, आणि शिक्षण, घरची ऐपत वगैरे हिशेबात घेऊनही हा फरक उरला. कारणं त्यांनी दोन सुचवली आहेत. एक, पातेल्याच्या तळाशी जे उरतं त्यात आमटी पातळ आणि भाजी नावाला, म्हणजे शरीरच कमी पोसलं जातं. दुसरं, ज्या घरात ती शेवटी जेवते, त्या घरात बाकीच्या निर्णयांतही तिला सहसा शेवटचंच स्थान असतं. यांतलं कुठलं किती, हे अशा पाहणीतून वेगळं करता येत नाही. लोहाच्या गोळ्यांचं वाटप शाळांतून आणि अंगणवाड्यांतून वर्षानुवर्षं चालू आहे. घरात कोण कधी ताटावर बसतं, याची नोंद मात्र आरोग्य केंद्राच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही.